आठवी बंदूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंगलला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही—आणि तिला न सांगितलेलं असं माझ्यापाशी दुसरं काहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या गावचे नाही. उद्या एसटीच्या थांब्यावर तुमची-माझी गाठ पडायची नाही.

आधी एक सांगून टाकतो. मी दुःखी माणूस नाही. असली गोष्ट पोटात ठेवणारा माणूस तळमळत असेल, असं आपण समजतो—नाही का? मला पाठ टेकली की झोप लागते. वादळानंतर लावलेले माड यंदा धरलेत. सुपारीही बरी आहे. मुलगी दिवेआगरला सुखात नांदते, आणि नात दर शनिवारी येऊन माझा मोबाईल बिघडवून जाते. साठ पुरी झाली आणि माझी पोलीस पाटीलकी सुटली, तेव्हा गावाने शाल-नारळ दिला. भाषणांत चौघांनी मला 'सच्चा माणूस' म्हटलं. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. घाम फुटला नाही, काही नाही. शाल जरा नीट घेतली, एवढंच.

पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे, हे शहरातल्यांना सांगावं लागतं. गणवेश नाही, काठी नाही. गावात कुणी बुडालं, मारामारी झाली, परका माणूस राहायला आला, की ठाण्याला कळवायचं. आणि ठाण्याचं म्हणणं गावाला समजावून सांगायचं. प्रांतसाहेब नेमणूक करतात आणि काही वर्षांनी ती पुन्हा करून घ्यावी लागते. आमच्या बौद्धवाडीतला मी पहिलाच. नेमणुकीचा कागद आला तेव्हा आईने तो चौकट करून भिंतीवर लावला होता. वरच्या आळीतली माणसं मला 'पाटील' म्हणून हाक मारायला लागली—माझ्या वडिलांना ती नुसत्या नावाने हाक मारायची, आणि तेही अर्ध्याच.

तर, ही वादळाच्या आधीची गोष्ट. मुंबईकडे गावठी कट्टे भाजीपाल्यासारखे मिळतात अशी ओरड चालली होती, पेपरात रोज काहीतरी यायचं, सरकार टीकेने बेजार झालं होतं. मग मोहीम निघाली. चोरटी हत्यारं आणणाऱ्या-विकणाऱ्या टोळ्या पकडायच्या, आणि ज्याच्या घरात बिनपरवान्याचं हत्यार पडून असेल त्याने ते आपणहून आणून द्यायचं. आणून दिलं तर गुन्हा नाही. आमच्या ठाण्याच्या साहेबांनी सगळ्या पोलीस पाटलांना बोलावून हे सांगितलं आणि वर म्हणाले, "प्रत्येक गावातून आकडा आला पाहिजे." माझी नेमणूक त्याच वर्षी पुन्हा व्हायची होती.

आमच्या गावात कसली आलीय टोळी? पण बंदुका होत्या. ठासणीच्या—नळीत वरून दारू ठासून बार काढायचा, तसल्या. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, त्यांना हाकायला आज्या-पणज्यांनी ठेवलेल्या. परवाना कुणाकडेच नव्हता. कुणाच्या माळ्यावर आहे आणि कुणाच्या पेंढ्यात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणीच ते तोंडाने बोलत नसे.

मी शाळेच्या ओसरीवर सभा घेतली. चांगलं बोललो हो मी. मला बोलता येतं, हे मला माहीत आहे. सरकारचा शब्द आहे म्हणालो, मी तुमच्याबरोबर ठाण्यावर येतो म्हणालो, ही जुनी लोखंडं घरात ठेवलीत तर उद्या पोरांच्या अंगाशी येईल म्हणालो. लोक चुळबुळले, एकमेकांकडे बघत उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनंता माझ्या अंगणात आला. अनंता वरच्या आळीतला, माझ्याच वयाचा, चौथीपर्यंत माझ्या बाकावरचा. पाण्याचे पंप, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मोटार नुसती ऐकून तिचं दुखणं सांगेल, असा माणूस. त्या वेळी त्याचं एक मोठं काम जमत आलं होतं—जेट्टीवर नवी फेरीबोट येणार होती आणि तिच्या इंजिनावर कायमचा माणूस म्हणून त्याला घेणार होते. जन्मभर दुसऱ्यांची इंजिनं उकिडवं बसून नीट केली, आता एक आपलं म्हणायला मिळेल, असं तो दिसेल त्याला सांगत होता. त्याने चहा घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं,

"पाटील, खरं सांग हां. तुझ्या घरात असती तं तू दिली असतीस काय?"

"पहिली माझी दिली असती," मी म्हणालो.

"मंग झालं," म्हणाला, आणि उठला.

अनंताने हो म्हटल्यावर बाकीचेही तयार झाले. सात बंदुका निघाल्या. गोणपाटात गुंडाळून आम्ही त्या टेम्पोतून ठाण्यावर नेल्या. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, माझ्या पाठीवर थाप मारली. पोच मागायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

चौथ्या दिवशी अनंताला उचलला. त्याच्या पडवीत वेल्डिंगचं सामान होतं, पाइपांचे तुकडे होते—पंप दुरुस्त करणाऱ्याकडे दुसरं काय असणार? पण कागदावर तो बंदुकांचा कारखाना झाला. आमच्याच सात बंदुका त्या कारखान्यातून जप्त झाल्या. बाकीच्या सहा जणांची नावं कुठेच आली नाहीत. पेपरात फोटो आला: टेबलावर बंदुका ओळीने मांडलेल्या, मागे साहेब आणि त्यांची माणसं, पुढे जमिनीवर तोंडावर काळा बुरखा घातलेला एक माणूस. मी त्याला पायांवरून ओळखलं. त्याच्या डाव्या अंगठ्याला नख नाही, लहानपणी विहिरीवर दगड पडला तेव्हा मी शेजारीच होतो.

मग जो काही गोंधळ उडाला! विधिमंडळात आमच्या गावाचं नाव निघालं. विरोधक म्हणाले, डुकरं हाकायच्या बंदुका मांडून टोळी पकडल्याचा देखावा केलाय, खरे विकणारे मोकळे आहेत. सरकारच्या बाजूने सांगितलं, बंदूक जुनी असली म्हणून तिने माणूस मरत नाही का? दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. चॅनेलच्या गाड्या आल्या. दोन्हीकडचे पुढारी अनंताच्या अंगणात आळीपाळीने उभे राहून बोलून गेले, आणि त्याची बायको दोघांनाही पाणी देत राहिली. अनंता दीड महिना आत होता.

वरून एक अधिकारी बाई चौकशीला आल्या. शांत होत्या, कुणाचंही बोलणं मध्ये तोडत नसत. त्यांनी मला विचारलं, बंदुका कुणी आणल्या? मी खरं ते सांगितलं. आम्हीच आणल्या, आपणहून आणल्या, मी स्वतः बरोबर होतो, सही करून देतो. दिलीही. त्यावरच अनंताला जामीन मिळाला. पुढे कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, पण निकालाला चार वर्षं गेली आणि तोवर चारित्र्याच्या दाखल्यावर 'गुन्हा प्रलंबित' हेच यायचं. फेरीबोटीवर दुसरा माणूस लागला. तो अजून आहे. साहेबांची बदली झाली. आणि मी? मी शूर ठरलो. ठाण्याविरुद्ध जाऊन पाटलाने खरं सांगितलं! माझी नेमणूकही पुन्हा झाली, कारण मला काढायची तेव्हा कुणाची हिंमत नव्हती.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, यात कबूल करण्यासारखं काय आहे?

थांबा. ते खरं सांगणं स्वस्त होतं. सगळं गाव माझ्या बाजूला होतं, चॅनेल होते, निम्मं विधिमंडळ होतं. त्या दिवशी खरं बोलायला मला काहीच लागलं नाही. ज्या दिवशी लागणार होतं, त्या दिवशी—

बंदुका सात नव्हत्या. आठ होत्या.

आठवी माझी. आमच्या वडिलांची. ते शिकारीत हाकारे घालायला जायचे, आणि गावचे खोत, म्हणजे जमीनदार, कायमचे मुंबईला निघाले तेव्हा त्यांनी ती वडिलांना देऊन टाकली होती. ही एकच बंदूक अशी, की जी गावाला ठाऊक नव्हती, कारण आमच्या घरात बंदूक असेल असं वरच्या आळीत कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. सभेच्या आदल्या दिवशी—लक्षात घ्या, आदल्या दिवशी—भर दुपारी मी ती पोत्यात गुंडाळली, चिंबोऱ्या धरायला जातो असं मंगलला सांगितलं, आणि भरतीच्या पाण्यात, खाडीच्या वळणावर कांदळाच्या पलीकडे सोडून दिली. पोतं पहिल्यांदा तरंगलं. मी ते काठीने दाबून धरलं. मग चिंबोऱ्याही धरल्या, रिकाम्या हाताने घरी कसा जाणार? चार मिळाल्या. मंगलने कालवण केलं आणि मी दोनदा भात घेतला.

कारण साहेबांच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता. इतकं साधं आहे. 'आकडा आला पाहिजे' म्हणताना मी त्यांचं तोंड पाहिलं होतं. ठाण्यात माझं इतकी वर्षं येणं-जाणं, मला कळणार नाही तर कुणाला? पोलीस पाटलाच्याच घरात बंदूक निघाली, आणि तीही आमच्या वाडीतल्या पाटलाच्या, तर काय होईल हे मी भिंतीवरच्या त्या चौकटीकडे बघत पुरतं ओळखलं होतं. ही भीती खोटी नव्हती. पण मग तेच अनंताला का नाही सांगितलं? "गप खाडीत टाक, मीही टाकलीय"—एवढी पाच शब्दांची गोष्ट. त्याने तर तोंडावर विचारलं होतं. माझ्या डोळ्यात बघून विचारलं होतं.

मला आकडा हवा होता. साहेबांची थाप हवी होती, पुढची नेमणूक हवी होती. आणि खरं सांगू?—ओसरीवर बोलताना वरची आळी मान वर करून माझं ऐकत होती, ते मला फार आवडलं होतं. तेवढ्यासाठी मी माझी बंदूक बुडवली आणि त्याची दिली.

वादळात माझी माडांची वाडी आडवी झाली तेव्हा करवत घेऊन पहिला आला तो अनंता. तीन दिवस त्याने पडलेले माड कापले. तिसऱ्या दिवशी आम्ही एका बुंध्यावर बसून चहा पीत होतो. सांगावं असं तेव्हा ओठांवर आलं होतं. पण तो काहीतरी हसण्यासारखं बोलला आणि मी हसलो. मंगल पोहे घेऊन आली.

मागच्या महिन्यात पुन्हा तसलीच मोहीम निघाली. आता गावाची पोलीस पाटील एक तरुण बाई आहे, हुशार आहे. ती मला बोलवायला आली. "काका, लोक घाबरतात हो. मागचं सगळ्यांच्या लक्षात आहे. तुम्ही दोन शब्द बोललात तर ऐकतील." मी गुडघा दुखतो म्हणालो. माझे गुडघे उत्तम आहेत.

रविवारी सकाळी सभा झाली. माझ्याऐवजी अनंता उभा राहिला. लाउडस्पीकर होता, वाडीत पाणी सोडता सोडता मला सगळं ऐकू येत होतं. तो अडखळत बोलला, त्याला बोलायची सवय नाही. म्हणाला, आता पोच घ्या, फोटो काढून ठेवा, मग द्या. म्हणाला, मी आत गेलो ती चूक ठाण्याची होती, सांगणाऱ्याची न्हाय. मग कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण तो जरा चिडून म्हणाला, "पाटील माझ्याशी खोटं बोलंल? त्यानं खोटं सांगितलं असतं तं मी दिलीच नसती."

शाळा माझ्या कुंपणापासून दोनशे पावलांवर आहे. सभा त्यानंतर अर्धा तास चालली. मी शेवटच्या माडापर्यंत पाणी पोचवलं, हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.