केरातला कागद

सिस्टरनी घरी येऊन आईच्या हाताला अँटिबायोटिकची बाटली जोडली, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद केरात टाकला आणि त्या निघाल्या. मी कागद उचलला. सगळे दुष्परिणाम मुंगीएवढ्या अक्षरांत आणि इंग्रजीत. "मोर्च्याआधी चौकात वाटायची पत्रकं आम्ही ठळक मराठीत छापतो. मग ज्याच्या रक्तात औषध जातं, त्याच्याचपासून हे का लपवायचं?" मी तावातावाने म्हणाले.

"भाषण पुरे. लिहिलंय काय ते सांग," आई म्हणाली.

मी मराठीत सांगू लागले. मळमळ, जुलाब, अंगावर लाल पुरळ, धाप...

आईने पदराखालचा दंड पुढे केला. "असं? कालच्या बाटलीपासून आहे. मला वाटलं, डास चावले."

मी नळीची चकती फिरवून थेंब थांबवले आणि जिन्याकडे धावले. घोषणा देऊन तयार झालेल्या आवाजात मी खाली हाक मारली, "सिस्टर, थांबा! आईला पुरळ आलंय!"