मोहावरची मोरघार

मोहफुलं वेचायला आलेला माणूस खाली पाहतो. आमची शेजारची मावशी आधी कपाळावर हात धरून वर पाहायची. म्हणायची, "घरी हाये का, पाहू दे मले."

आमचं गाव तालुक्याच्या गोरेगावपासून आत, जंगलाला लागून. मावशीच्या मोहावर मोरघारीचं काटक्यांचं मोठं घरटं होतं. हा शिकारी पक्षी आमच्याकडे क्वचितच दिसतो. डोक्यावर तुरा आणि बसण्यात असा रुबाब, की सारं जंगल त्याच्याच नावावर आहे. अंडं एकच घालतो.

"पोरगा एकच, अन् पोसाचा माह्या कोंबड्यांवर," मावशी कुरकुरायची. दरसाल तिची एखादी कोंबडी जायचीच. मग ती थाळी बडवत मोरघारीला शिव्या द्यायची आणि आम्ही अंगणात उभे राहून ऐकायचो.

फुलं गळायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पाचोळा जाळतात. मोकळ्या जमिनीवर फुलं चटकन दिसतात. एका वर्षी मावशीनंही जाळला. धूर वर गेला, पण मोरघार उडाली नाही. पंख पसरून पिल्लावर बसून राहिली. मावशीनं प्यायच्या पाण्याची कळशी आगीवर ओतली, उरलेली आग ओल्या फांदीनं झोडपली. "उडाली काऊन नाही वो ही?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

त्यानंतर तिनं आग लावली नाही. खराट्यानं झाडायची. झाडून होईतो ऊन चढायचं आणि निम्मी फुलं बकऱ्या खाऊन जायच्या. घरचं तेलमीठ त्या फुलांवर चालायचं, म्हणून सून चिडायची, "पाखरासाठी आपण उपाशी राहाचं का?"

मावशी तिला वर बघायला सांगायची. फुलं येतात तेव्हा मोहाला पान नसतं. मोरघार मात्र घरट्यात दुसरीकडून ताजा पाला आणून अंथरते. "हिरवा दिसला का समजाचं, घर भरला हाये."

मागच्या हिवाळ्यात मावशी वारली. मार्चमध्ये सून काडेपेटी घेऊन मोहाखाली आली. मी शेजारच्या झाडाखाली होतो. बोलावं की नाही कळेना. झाड तिचं, चूलही तिची. काडी हातात धरून ती थांबली, कपाळावर हात ठेवला आणि वर पाहिलं. उघड्या फांद्यांतल्या घरट्यात जांभळाचा हिरवा डहाळा होता. मला मावशीची फार आठवण आली.

सून खराटा आणायला घरी गेली.

थोड्याच दिवसांनी तिच्या अंगणातून थाळी वाजली. कोंबडी गेली होती. शिव्या मात्र सगळ्या मावशीच्याच होत्या.