बजाजनगरचा कोल्होबा

आमच्या शेजारच्या दादांना अख्खी गल्ली कोल्होबा म्हणायची, आणि हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. त्यांची कंपनी बंद पडली, वहिनींची नोकरी राहिली. मग वहिनी ड्यूटीवर आणि दादा घरी, काखेत लेक, असा संसार सुरू झाला. ओट्यावरच्या रिकामटेकड्यांना आयताच विषय मिळाला.

दादांनी टीव्हीवर आफ्रिकेतला एक कोल्हा पाहिला होता. कुणी टोमणा मारला की ते त्याचंच पुराण लावायचे. कान सुपाएवढे, जमिनीखाली अळी वळवळली तरी ऐकू येतं. डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखं काळं, पाय काळे, दात बारीक आणि ढीगभर. कोंबडीचं त्याला कौतुक नाही, वाळवी मिळाली की स्वारी खूष. एवढं झालं की मुद्द्यावर यायचे, "कोल्ही चरायला जाती आन् बाप बिळापाशी बसून पिल्लं सांभाळतो. त्याला कुणी हसतं का?"

त्यांचे स्वतःचे कानही काही लहान नव्हते. आत लेकीनं कूस बदलली तरी ओट्यावरून उठून जायचे. लेकीची वेणी तर अशी घट्ट घालायचे की माझी पोरगीही मी त्यांच्याकडेच पाठवायची. आमच्या ह्यांना त्यांची संगत लागावी म्हणून मी जिवाचं रान केलं. हे गेले आणि चहा पिऊन परत आले.

एकदा शेंद्र्याहून त्यांचे वडील, आबा, आले. गावात लोक नावं ठेवतात, सूनबाईनं नोकरी सोडावी, सगळ्यांनी गावी चलावं, एवढंच त्यांचं म्हणणं. वहिनींचा त्या नोकरीत केवढा जीव! दादांना त्यांचं मन मोडायचं नव्हतं, आणि बापाचा शब्दही मोडवेना. मी कपडे वाळत घालायचं निमित्त करून दारातच उभी. दादांनी पिठाचे हात पुसले आणि कोल्हा सुरू केला. कान, काजळ, दात, वाळवी, काही गाळलं नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हय रं, आन् त्या कोल्ह्याचा बाप काय म्हणतो?"

दादांचे डोळे भरून आले. खालमानेनं म्हणाले, "ते टीव्हीत नाय दाखवलं, आबा."

तेवढ्यात आत लेक रडायला लागली. दादा उठले, तिला उचलून बाहेर आले आणि तसेच उभे राहिले. आबांनी थोडा वेळ दोघांकडे पाहिलं, मग हात पुढं केले.

"आण तिला माझ्याकडं. तू भाकरी टाक. सूनबाई भुकेली यील."