कन्हानच्या साक्षीदाराचा पत्ता

चंद्रभान गजघाटे यांना कार्यालयाच्या व्हरांड्यात माझ्या देखत दोनदा मार बसला. दोन्ही तारखा माझ्या डायरीत आहेत. पहिल्यांदा, फाशीची शिक्षा झालेल्या एका माणसाच्या भावाने त्यांच्या तोंडावर पितळी डबा हाणला आणि समोरचा दात पडला. दुसऱ्यांदा एका बापाने त्यांचा गळा धरला. त्याच्या मुलीला जाळणारे पुराव्याअभावी सुटले होते. चंद्रभानजींनी दोन्ही वेळा तक्रार केली नाही. रुमालाने रक्त पुसत म्हणाले, "साहेबाले मारता येत नाही, जजले मारता येत नाही. मग राहिला कोण, मीच ना."

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या सरकारी कायदा कार्यालयात मी टंकलेखिका होते आणि ते प्रसिद्धी सहायक. सरकारतर्फे चालणाऱ्या खटल्यांची माहिती वर्तमानपत्रांना देणं आणि व्हरांड्यात येऊन बसलेल्या नातेवाइकांना पुढची तारीख समजावून सांगणं, हे त्यांचं काम. ते कागद लिहीत, मी टंकित करी, आणि चार वाजता सायकलवरून ते तो वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोचवत.

नावाच्या बाबतीत ते फार कडक होते. लहानपणी शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी त्यांचं नाव 'चंद्र्या' आणि वडिलांचं 'बाबाऱ्या' असं लिहिलं होतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते दाखला बदलून आणण्याचं. म्हणून आमच्या कागदात मेलेल्याचं, मारणाऱ्याचं, पाहणाऱ्याचं, प्रत्येकाचं पूर्ण नाव असे. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असे, आणि गाव. "नाव चुकलं तर माणूस चुकला," असं ते म्हणत.

मीही त्याच वळणाची. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे मला छडीनेच शिकवलं होतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर १९७४. कन्हानच्या एका कोळशाच्या डेपोवर धोंडबा नावाचा चौकीदार होता. काही महिन्यांपूर्वी चोरीच्या कोळशाचा ट्रक त्याने फाटकात अडवला, तेव्हा ठेकेदाराच्या तीन माणसांनी सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, त्याचं डोकं फोडलं होतं. त्याची बहीण रंभाबाई डबा घेऊन आली होती. तिने ते सगळं दहा पावलांवरून पाहिलं. दुसरा साक्षीदार नव्हता. बुधवारी तिची साक्ष होती आणि चंद्रभानजींनी तसा कागद लिहून माझ्याकडे दिला. त्यात 'रंभाबाई, रा. कन्हान' एवढंच होतं. बाकीचं त्यांनी मुद्दाम गाळलं होतं, हे मला नंतर कळलं.

मला ते अपुरं वाटलं. कन्हानमध्ये रंभाबाई किती असतील. मी कपाटातली फाईल काढली आणि लिहिलं, 'रा. कन्हान, बाजार चौकामागे, पिंपळाजवळचं कौलारू घर.' चार वाजून गेले होते. त्यांनी कागद न वाचताच पिशवीत टाकला, कारण माझ्या कामात त्यांना कधी चूक सापडली नव्हती.

मंगळवारी सकाळी सात वाजता चहाच्या टपरीवर त्यांनी ते छापलेलं वाचलं. किराणा दुकानातून कन्हानच्या ठाण्याला फोन केला. "साहेब आले का सांगतो," असं उत्तर मिळालं. मग त्यांनी सायकल टपरीवरच टाकली आणि बस पकडली.

पुढचं मला रंभाबाईने सांगितलं. ती तेव्हा नळावर गेली होती. पलीकडच्या घरातल्या बाईने तिला आत ओढलं आणि तोंडावर हात दाबून धरलं. खिडकीच्या फटीतून तिला आपलं दार दिसत होतं. ते मोडून पडलं होतं. उंबऱ्यात तिची सासू पडली होती. कपाळ फुटलं होतं, लुगड्याचा पदर रक्ताने काळा झाला होता, आणि ठेकेदाराचे चारजण आत भांडी फोडत होते.

चंद्रभानजी सरळ दारात जाऊन उभे राहिले.

"कोन गा तू?"

"सरकारी कचेरीतला. रंभाबाई इथं नाही. तिले काल संध्याकाळीच पोलिसांनी नागपूरले नेलं."

एकाने त्यांना ओळखलं. "हा त कोर्टातला पेपरवाला होय. काहून गा, पेपरात त घर इथलंच छापलं. छापते ते खरं, का तोंडानं बोलते ते खरं?"

"पेपर कालच्या कागदावरून छापला. मी आजचं सांगून राहिलो."

त्या चौघांनी चंद्रभानजींना खाली पाडलं. पोटात लाथा घातल्या. एकजण छातीवर बसला, दुसऱ्याने उजवा हात ओढून उंबऱ्यावर धरला. तिसऱ्याने सब्बल उचलली.

"आता सांग."

"नागपूरले नेलं."

सब्बल खाली आली. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या घरात ऐकू आला, असं रंभाबाई म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, आणि पुन्हा सब्बल. तिसऱ्यांदा चंद्रभानजींना बोलता येईना, त्यांनी नुसती मान नागपूरच्या दिशेला हलवली. तेव्हा ते चौघे गेले.

सोळा वर्षांच्या नोकरीत चंद्रभानजींनी कोणाला चुकीची माहिती दिली ती तेवढीच.

बुधवारी सकाळी सासू दवाखान्यात वारली. त्याच सकाळी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. चंद्रभानजींच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं, ओठ शिवलेला होता.

"घराचा पत्ता कोणी घातला?"

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मीच जी. कचेरीची पद्धतच आहे."

माझ्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर सकाळच्या भागात एकच ओळ आहे: 'मी बोलले नाही.' चंद्रभानजींची दोन वर्षांची वेतनवाढ थांबली.

दुपारी रंभाबाईने साक्ष दिली. सासूचं प्रेत शवागारात होतं, आणि ही पिंजऱ्यात उभी राहून कोणी कुठल्या बाजूने किती घाव घातले ते सांगत होती. बचावाच्या वकिलाने दीड तास उलटसुलट विचारलं, तिचं एक अक्षर हललं नाही. पुढे त्या तिघांना जन्मठेप झाली. कन्हानच्या चौघांपैकी दोघे सापडले.

साक्ष संपल्यावर पोलीस तिला आमच्या खोलीत बसवून गेले. चंद्रभानजींना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते तोंडी सांगत होते आणि मी टंकित करत होते. "एका साक्षीदाराने न्यायालयात सांगितले," असं त्यांनी सुरू केलं.

"एका कोन्या?" रंभाबाई म्हणाली. "माहं नाव नाही का? लिहा माहं नाव. त्याइले समजू द्या मी बोलली."

"बाई, नावानंच त हे झालं."

"नावानं नाही झालं जी. नाव त त्याइले पहिलेच माहीत होतं. घर माहीत नव्हतं."

माझी बोटं यंत्रावर होती. मी म्हटलं, "घराचा पत्ता यांनी लिहिला नव्हता. मी घातला."

चंद्रभानजी म्हणाले, "कुसुमताई, राहू द्या."

रंभाबाईने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता व्हरांड्यातल्या लोकांसारखी उठेल आणि मारेल. मला तेच हवं होतं. पण ती उठली नाही.

"म्हातारीचं नाव कोणी विचारलं नाही अजून," ती म्हणाली. "दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'सासू' लिहून ठेवलं. तिचंही टाका."

चंद्रभानजींनी प्लास्टरचा हात सावरून खुर्ची माझ्या यंत्राजवळ ओढली.

"नीट विचारून घ्या," ते मला म्हणाले. "नवऱ्याचंही. पत्ता नको."

मी कागद काढून नवा चढवला. तिने सांगितलं, मी एकेक अक्षर दाबलं: अंजनाबाई महादेव, वय अंदाजे सत्तर.