वडगावची गल्ली आणि लेकीची शी

माझं माहेर निपाणीचं. वडील शाळामास्तर, त्यामुळे घरात कुणी जोरात शिंकलं तरी ओशाळायचं. लग्न होऊन वडगावात आले ती थेट पॉवरलूमच्या घरात. परसदारच्या खोलीत साड्यांचे माग, सकाळपासून खडाड्खट्. त्या आवाजावर ओरडून बोलायची या घराला इतकी सवय की माग बंद असला तरी आवाज खाली येत नाही. सासूबाई कानात गुपित सांगतात तेही कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कळतं.

अशा घरात मला अडीच वर्षांच्या लेकीला पॉटीवर बसायला शिकवायचं होतं.

बदकाच्या तोंडाची पिवळी पॉटी आणली. पहिल्याच दिवशी सासूबाई समोर बसकण मारून गरजल्या, "कर गं बाळ! लाव जोर!" मागाच्या खोलीतून सासरे, म्हणजे आमचे आप्पा, ओरडले, "झाली काय गं?" समोरच्या कन्नड मावशींनी खिडकीतून विचारलं, "आतेनु?" म्हणजे तेच, झाली का. लेकीनं सगळ्यांकडे एकवार पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि उठून गेली.

तेव्हापासून तिनं धरूनच ठेवलं. कळ आली की पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभी राहायची, पाय आवळून, लालबुंद. आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो आणि गल्ली आमच्याबरोबर बसली होती. भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली मेथीची जुडी हातात देत विचारायची, "पोरीचं पोट साफ झालं न्हाय व्हय अजून?"

शेवटी शीचा खडा झालाच. एका सकाळी "नको आई, दुखतंय" म्हणत ती माझ्या गळ्याला लटकली आणि थरथरत राहिली. माझं हसू तिथंच संपलं. पोर कळवळतेय आणि आपल्याला काही करता येत नाही, यासारखी वाईट गोष्ट नाही. मला घरातल्या प्रत्येकाचा राग आला, बदकाचासुद्धा.

डॉक्टरांनी शी मऊ व्हायचं औषध लिहून दिलं. म्हणाले, "दुखतं म्हणून ती धरते, आणि धरली की आणखी कडक होते. पाणी, फळं द्या. जेवणानंतर थोडा वेळ बसवा, पाय टेकायला काहीतरी ठेवा. नाही झाली तर उठवा. आणि कुणी काही बोलू नका."

शेवटचं पथ्य आमच्या घराला झेपणारं नव्हतं. तरी प्रयत्न झाला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. पण मागावरची माणसं आवाज पोचेनासा झाला की हातांनी बोलतात. सासूबाई पोटावरून हात खाली ओढून दाखवू लागल्या, आप्पा दारातून पंजा हलवून "काय?" विचारू लागले. त्या मुक्या तमाशापुढे लेकीनं भोकाड पसरलं.

मी भडकले. "आप्पा, सगळे माग चालू करा. आणि इकडं कुणी फिरकायचं नाही!" सुनेचा हा पहिलाच हुकूम. आप्पा सासूबाईंना म्हणाले, "चल गं. लई झालं आपलं."

मग रोज दुपारी जेवण झालं की तिकडे माग सुरू आणि इकडे पडवीत बदक. तिच्या पायांखाली जुना पाट ठेवायचा आणि मी तिच्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसायचे. त्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं, म्हणून कुणी विचारतही नव्हतं. काही दिवस नुसतंच बसणं झालं. तिला उठवायचं, बदक धुऊन ठेवायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

एका दुपारी मागून माझा पदर ओढला गेला. वळून पाहिलं तर लेक तोंड उघडून काहीतरी सांगत होती. मला ऐकू येईना. मी कानाला हात लावला. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. सगळे माग एकदम गप्प झाले.

"झाऽऽली!"

साऱ्या गल्लीत ते घुमलं. शेवटी या घराचंच पोर. मी बदकात डोकावले. झाली होती, मऊ, आणि तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. माझ्या मात्र होता.

समोरून खिडकी उघडली. "आतेनु?"

"आतू!" लेक ओरडली.

"आतू हो मावशी, झाली!" हा दुसरा आवाज सासूबाईंचा नव्हता. तो शाळामास्तरांच्या मुलीचा होता, आणि तो पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला.