डोमाजीसमोरची सहाण

वांड पोरांसाठी ब्राह्मी अन् वेखंड विकणारी अकोटची भागीरथाबाई मोठी मायाळू होती, असं म्हणणारे अजून भेटतात. मायाळू! अहो, बाई अकरा वर्षं बाजारात बसली ती एका माणसावर सूड उगवायला. औषध विकणं मागाहून आलं.

तिची शालू सात वर्षांची. बूड म्हणून टेकत नसे. पाटी फोडायची, भर वर्गात उठून खिडकीत चढायची, एक विचारावं तर दुसरंच सांगायची. मास्तर म्हणाले, "पोरीले शांत करा, नाई त घरी ठेवा." ज्या साली समाजानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढचं साल ते. लेक शिकलीच पाहिजे, हे भागीरथेनं मनाशी घट्ट धरलेलं.

तिची माय अशा पोरांना वेखंडाची मुळी द्यायची. ती आपल्या हातानं सहाणेवर उगाळायची, वेढे मोजायचे, आधी आपल्या जिभेला लावायची अन् मगच लेकराला चाटवायची, अशी रीत. पण भागीरथा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. भोंग्याच्या आत पोचायचं तर उगाळायला फुरसत कुठली? बाजारात डोमाजी बुवा ओरडायचा, "ब्राह्मीची गोळी! उगाळाची कटकट नाई, पोरगं गरीब गाय!" भागीरथेनं पुडी घेतली अन् जिभेला न लावता पोरीला दिली. चुकली ती इथंच.

पोरगी निवली. मास्तर खूश, शेजारी खूश. मग शालू भिंतीला टेकून बसायला लागली. भाकरी समोर अन् नजर भलतीकडंच. वर्ष गेलं तेव्हा स्वतःचं नाव सांगायलाही तिला वेळ लागत होता. एक दिवस डोकं ठणकत होतं म्हणून भागीरथेनं त्यातलीच एक गोळी तोंडात टाकली. त्या कडू वासानं तिला मेलेला सासरा आठवला. सासरा अफू खायचा.

तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतलं. गोळी बंद केली तशी पोर आठ दिवस थरथरली, ओकली, "गोळी दे व माय" म्हणून पायाला झोंबली. डोमाजीचा राग त्या आठ दिवसांत आला, तो पुन्हा गेला नाही.

पुढच्या बाजारी ती उरलेल्या गोळ्या घेऊन डोमाजीच्या दुकानापुढं बसली. त्याच्याकडं शोभेला एक दगडी खल असायचा. त्यात तिनं गोळ्या घातल्या, त्याच्याच लोट्यातलं पाणी ओतलं अन् बाया जमेपर्यंत घोटत राहिली.

"काय चालवलं व हे?" डोमाजी खेकसला.

"ब्राह्मीच हाय ना? पे मंग. खल तुहा, पाणी तुहं, गोळ्याई तुह्याच. इटाळ म्हणशीन त माह्या हातचे पैसे चालत होते तुले."

"आज उपास हाय मले."

"पाल्यानं कोठी उपास मोडते?" भाजीवाली पार्बताबाई मागून म्हणाली. "आमचे लेकरं पेतात, तुले काय धाड भरली?"

बाया पंधरा-वीस. नाही म्हणावं तर धंदा बसला. डोमाजी अर्धा खल प्यायला, मिशा पुसून हसला अन् पुन्हा ओरडायला लागला. बाया मात्र तिथंच बसून राहिल्या, एकही उठली नाही. हळूहळू त्याची जीभ जड झाली अन् तो पोत्यासारखा कलंडला.

"उठवा त्याले, मरून गिरून जाईन," कोणी तरी म्हणालं.

"निजू द्या," भागीरथा म्हणाली. "माही शालू वरीसभर निजली."

मेला तर बरं, असं तिला वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पण मेला नाही. दिवस कलता उठला, तोवर बायांनी त्याच्या सगळ्या गोळ्या नालीत ओतल्या होत्या.

तेवढ्यावर भागलं असतं तर ती भागीरथा कसली! डोमाजीनं मूर्तिजापूरचा बाजार धरला, तर ही एसटीनं तिथंही हजर. त्याच्या बरोबर समोर सहाण मांडायची. "आपल्या हातानं उगाळा, आंधी आपण चाटा. यानं वांड पोरगं गरीब नाई होत, जरासं बूड टेकते. गरीब पायजे असन त थ्या समोरच्याले इचारा, काय घालते म्हणा." दर्यापूर, अंजनगाव, जिथं तो तिथं ही. एकदा त्यानं हात जोडले, "बाई, पोट हाय मले." ती म्हणाली, "माह्या पोरीलेई डोकं होतं." शालूची शाळा चौथीतच सुटली होती.

अकरा वर्षांनी डोमाजी वारला. दोनेक महिन्यांनी त्याची बायको गंगूबाई सहाणेपुढं येऊन उभी राहिली. सोबत नात. पोरगी एका जागी ठरेना, दोनदा पदर सोडून पळाली.

"मास्तर शाळेत घेत नाई म्हन्ते," गंगूबाई खाली पाहत म्हणाली.

भागीरथेनं मुळी काढली. म्हातारीलाच उगाळायला लावली, तिलाच आधी चाटायला लावली. मग पोरीला ओढून आपल्याजवळ सावलीत घेतलं अन् पुडी बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. पण वैशाखाचं ऊन डोक्यावर असताना त्या म्हातारीला 'बस' म्हणून म्हटलं नाही.