भातात उभ्या काड्या

ओसाकातल्या पहिल्याच दिवशी चालून चालून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. एका छोट्या खाणावळीत गरम भात समोर आला. काड्यांनी खाणं काही जमेना, म्हणून केळ्यात उदबत्त्या खोचाव्यात तशा त्या मी भातात उभ्या खोचल्या आणि घाम पुसत बसलो. म्हातारी मालकीण लगबगीने आली, वाकली, काड्या हळूच काढून आडव्या ठेवून गेली.

मुलीने मोबाइलवर शोधलं. "बाबा, असा भात इथे मेलेल्या माणसापुढे ठेवतात."

"आल्या आल्या पिंड मांडलात!" बायको हसली आणि तिने लगेच जीभ चावली.

आईच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. मी हात जोडून काय काय कबूल केलं. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तिचं काय राहिलं होतं, ते अजून कळलेलं नाही. इतक्या लांब आल्यावर तरी ते मागे राहील, असं मला उगीच वाटलं होतं.

मी वाटी शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर सरकवली. एरवी माझी टर उडवणाऱ्या बायकोने पर्समधून लोणच्याची बाटली काढली आणि भातावर एक फोड ठेवली.

"नुसता भात त्यांना कधी जायचा नाही," ती म्हणाली.